ह्यूस्टन कॉमेट्स : एका अजिंक्य महिला संघाचा उदय व अस्त

अमेरिकेत १९९७ साली 'विमेन्स नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' ही महिलांची व्यावसायिक स्पर्धा आठ संघांनिशी सुरू झाली. टेक्सासमधील ह्यूस्टन कॉमेट्स हा त्यांपैकी एक संघ. प्रशिक्षक व्हॅन चान्सेलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने १९९७ ते २००० अशी सलग चार विजेतेपदे मिळविली. सिंथिया कूपर, शेरिल स्वूप्स व टीना थॉम्पसन हे त्रिकूट संघाचा कणा होते. १९९८ च्या हंगामात संघाने ३० पैकी २७ सामने जिंकले. १९९९ चे विजेतेपद मात्र शोकाच्या छायेत आले. सहकारी किम पेरट यांचे त्यापूर्वी काही आठवडेच कर्करोगाने निधन झाले होते.

एवढे यश लाभूनही संघ बारा हंगामांतच का संपला? याचे उत्तर मैदानापेक्षा मालकीच्या रचनेत अधिक सापडते. प्रारंभी महिला संघांचा कारभार त्या त्या शहरातील पुरुष संघांचे मालक पाहत. कॉमेट्सची धुरा ह्यूस्टन रॉकेट्सचे मालक लेस्ली अलेक्झांडर यांच्याकडे होती. २००२ मध्ये स्वतंत्र मालकीस मुभा मिळाली. २००७ मध्ये अलेक्झांडर यांनी कॉमेट्स हा संघ एका स्थानिक फर्निचर व्यावसायिकास विकला आणि पुरुष संघाचा आधार तुटला. २००८ मध्ये संघाला टोयोटा सेंटर सोडून लहान सभागृहात खेळावे लागले. पुढे व्यवस्थापन स्पर्धेच्या संयोजकांनी हाती घेतले. परंतु नवा मालक मिळाला नाही. डिसेंबर २००८ मध्ये संघ विसर्जित झाला व त्यातील खेळाडू इतर संघांत विभागल्या गेल्या. पहिल्या हंगामापासून अखेरपर्यंत कॉमेट्सकडेच राहिलेल्या थॉम्पसन २००९ मध्ये लॉस एंजेलिस स्पार्क्सकडून खेळल्या.