चपड्याचा हात

लिफ्टमध्ये टेबल मावेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

मुलुंड पूर्वेची आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि जेवणाचं सागवानी टेबल आमच्याबरोबर भाड्याच्या घरी निघालं. पन्नासेक वर्षांपूर्वी वडिलांनी सुतार घरी बसवून ते करून घेतलं होतं. तोवर आम्ही पाटावर बसून जेवत होतो. हमाल म्हणाले, पाय कापा. मी टेबल उलटं करून पाहिलं. स्क्रू एकही नव्हता. पाय आणि पट्ट्या कुसू-खाचेत बसवून सरसाने चिकटवलेल्या. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचा डिंक. सुतार तो डब्यात तापवून गरम असतानाच लावत. १९५९ साली फेविकॉल आलं आणि तो उग्र वास हळूहळू घरांतून गेला. फेविकॉलचा सांधा उघडायला जावं तर बहुतेकदा लाकूडच आधी फाटतं. सरस मात्र ऊन पाण्याने सैल होतो.

कढत पाण्यात पिळलेले टॉवेल सांध्यांना गुंडाळले, वरून लाकडी ठोकळा धरून हलके ठोके दिले. तासाभराने पहिला पाय कुरकुरत बाहेर आला. खाचेशेजारी पेन्सिलीने ‘३’ लिहिलेलं होतं. पायाच्या कुसावरही ‘३’. म्हणजे हा सांधा कधीतरी कुणीतरी उघडणार, हे सुतार धरून चालला होता.

आता सुटं झालंच आहे तर पॉलिशही करून घेऊ, असं मनात आलं. फळी गॅलरीत दोन स्टुलांवर मांडली. वर तपकिरी साय धरलेली, चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं आणि एका कोपऱ्यात ओल्या लोखंडी खलबत्त्याचा काळा डाग. रंगाच्या दुकानदाराने ‘पीयू मारा, दहा वर्षं बघायला नको’ असा सल्ला दिला. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. आधी मूळचं काय आहे ते पाहावं म्हणून फळीच्या खालच्या कडेला स्पिरिटचा बोळा दाबून धरला. मिनिटभरात कड चिकट झाली, बोळा तांबूस. चपडाच होता.

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडून, वितळवून, पातळ पापुद्रे ओढतात. देशातली सर्वाधिक लाख झारखंडात होते. राँचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन चालतं. आजोबांच्या ग्रामोफोनच्या ७८च्या तबकड्याही याच लाखेच्या.

जुनं पॉलिश कागदाने घासायला गेलो तर कागद दोन मिनिटांत बुजला. मग स्पिरिटची चिंधी फिरवायची, थर मऊ झाला की पात्याने ओढायचा. खालून सागाचा पिवळसर रंग वर आला आणि गॅलरीत चामड्यासारखा वास पसरला. खलबत्त्याचा डाग म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांची शाई. हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी दोनदा लावलं, धुतलं. डाग काळ्याचा राखी झाला. तेवढ्यावर सोडला.

मग १२० नंबरचा कागद, १८० आणि शेवटी २२०. एका कोपऱ्यात कंटाळून मी गोल गोल घासलं. तेव्हा काही दिसलं नाही. पॉलिशचा पहिला हात बसला आणि तिथे ओरखड्यांची जाळी उमटली. तेवढा भाग पुन्हा उतरवून रेषेच्या दिशेने घासला.

चपडा लोणच्याच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला. पत्र्याच्या डब्यात नाही, कारण लोखंडाने तो काळवंडतो. सकाळी मलमलीतून गाळला. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून पोटली केली. ती टेकवायची, सरकवायची, सरकतानाच उचलायची. मध्ये थांबली की चिकटली. स्पिरिट उडून जातं, मागे केसाहून पातळ थर राहतो. दुसरा हात पहिल्याला किंचित विरघळवून त्यातच मिसळतो. असे पंधरा-वीस हात झाले की लाकडात खोली दिसू लागते.

सहाव्या हाताला सप्टेंबर अखेरचा पाऊस आला आणि फळी दुधासारखी पांढरी पडली. खालच्या मजल्यावर काम करणारे पॉलिशवाले चाचा बघून हसले. “बारिश में चपडा नहीं मारते, साब.” उडणारं स्पिरिट फळी गार करतं आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरात अडकतं. त्यांनी ऊन पडेपर्यंत थांबायला सांगितलं. चार दिवसांनी कोरड्या दुपारी निव्वळ स्पिरिटची पोटली फिरवली. पांढरेपणा गेला.

पीयू मारलं असतं तर हे काहीच झालं नसतं. त्यावर कप ठेवा, पाणी सांडा. पण त्याला खोल ओरखडा पडला की नवा थर जुन्यात मिसळत नाही, वर नुसता बसतो. पूर्ण फळीच खरवडावी लागते. चपडा नाजूक खरा. ऑक्टोबरात टेबल वापरात आलं आणि आठवड्यात बायकोने त्यावर गरम वरणाचं पातेलं टेकवलं. पांढरं वर्तुळ. संध्याकाळी स्पिरिटचा एक हात मारला, वर चपड्याचे दोन. वर्तुळ शोधून सापडेना.

पाय बसवताना सरसच शोधून आणला. तीन नंबर तीन नंबरात, चार चारात. पेन्सिलीचे आकडे पुसले नाहीत. तीन-चार वर्षांनी आमची इमारत उभी राहील, तेव्हा टेबल परत न्यायचं आहे. नव्या लिफ्टचं माप बिल्डरने अजून सांगितलेलं नाही.