मालक कोण, हिस्सा किती?

‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरं उलटी लावली की ‘मेटास’ होतं. सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या हैदराबादच्या राजू कुटुंबाने आपल्या आणखी दोन कंपन्यांना हेच नाव दिलं होतं. एक पायाभूत बांधकामातली, दुसरी जमीनजुमल्यातली. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने सुमारे १६० कोटी डॉलर मोजून एक मेटास पूर्ण आणि दुसरीतला ५१ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना जमिनी कशाला हव्या होत्या, हे त्या मंडळातल्या कोणीच अडून विचारलं नाही. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, भारताचे माजी कॅबिनेट सचिव होते. त्याच वर्षी उत्तम कारभारासाठी मिळालेला ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही दिमतीला होता. (तो पुढे काढून घेतला गेला.)

विचारलं ते भागधारकांनी. न्यूयॉर्कमध्ये भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि काही तासांतच सौदा मागे घेतला गेला. ७ जानेवारी २००९ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र आलं. ताळेबंदात रोख आणि बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणून बसवायचा शेवटचा प्रयत्न म्हणजे मेटासचा सौदा, अशी कबुलीही त्याच पत्रात होती.

‘मालक भला माणूस आहे’ एवढ्यावर आपल्याकडे शेअर घेतले जातात. मीही घेतले आहेत. पण सत्यमच्या या ‘मालका’कडे २००८मध्ये नऊ टक्क्यांहूनही कमी शेअर उरले होते आणि तेही सावकारांकडे तारण. भाव घसरताच सावकारांनी ते विकायला काढले. सत्यममधला एक रुपया मेटासमध्ये गेला, तर त्यातले एक्क्याण्णव पैसे इतरांचे. धोका नेमका इथे असतो: सत्ता पूर्ण, हिस्सा नाममात्र, आणि त्याच घराची दुसरी खासगी दुकानं शेजारी.

म्हणून मोठा हिस्सा असलेला ‘मालक’, कायद्याच्या भाषेत प्रवर्तक, बरा? मला तो तुलनेने बरा वाटतो; निदान कंपनी बुडाली तर त्याचंही घर बुडतं. पण कायद्याचा आकडा पाहा. प्रवर्तकाला ७५ टक्क्यांपर्यंत शेअर ठेवता येतात, आणि विशेष ठराव मंजूर व्हायलाही ७५ टक्केच मतं लागतात. अशा कंपनीत स्वतंत्र संचालक निवडायचा विशेष ठरावसुद्धा प्रवर्तक एकट्याच्या बळावर पार करू शकतो. ‘संबंधित पक्षां’शी, म्हणजे स्वतःच्याच इतर कंपन्यांशी किंवा नातलगांशी, होणाऱ्या मोठ्या व्यवहारांवर मात्र त्याला मंजुरीचं मत देता येत नाही. लहान भागधारकाच्या हातातलं हे खरं हत्यार. ई-मतदानाचा मेल आपण न उघडता पुसतो, हा भाग वेगळा.

सत्यमनंतर बाजार नियामक ‘सेबी’ने तारण शेअर जाहीर करणं सक्तीचं केलं. एप्रिल २००९मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने कंपनीचा ताबा मिळवला. २०१५मध्ये राजूंना सात वर्षांची शिक्षा झाली.

मी वार्षिक अहवाल मागून वाचतो. अध्यक्षांचा फोटो आणि पत्र शेवटी. आधी टिपांमधलं ‘संबंधित पक्ष’ हे प्रकरण. कोणाला भाडं दिलं, कोणाला बिनतारण कर्ज, कोणत्या नावासाठी स्वामित्वशुल्क. लेखापरीक्षक मुदतीआधी का गेला, हेही.

यंदा दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्याला बसण्याआधी, जिचे शेअर घ्यायचे त्या कंपनीचा तिमाही भागधारणेचा तक्ता शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर उघडा. प्रवर्तकाच्या नावासमोर तारण शेअरचा रकाना असतो. तेवढा वाचा, मग पेढा खा.