गाडीला ताप चढतो तेव्हा...

एप्रिल महिना. दुपारचे दोन वाजलेले. संगमनेरजवळच्या जुन्या चंदनापुरी घाटात कांद्याच्या गोण्यांनी भरलेला एक ट्रक कडेला उभा आहे. पुढून भसाभसा वाफ येतेय. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन पुढे धावतो, तर ड्रायव्हरकाका ओरडतात, "अरे थांब! झाकणाला हात लावू नको. आधी गार होऊ दे तिला!"

असं दृश्य तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेल. गाडी तापली की पाणी घालायचं, एवढं तर सगळ्यांनाच माहीत आहे. मग काका पाणी का घालू देत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर शेवटी पाहू. त्याआधी जरा वेगळ्या गाड्यांकडे जाऊ. या गाड्या कारखान्यात नाही, तर कॉलेजातल्या मुलामुलींनी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या असतात आणि त्या शर्यतीच्या ट्रॅकवर धावतात. त्यांनाही ताप चढतो, आणि तो उतरवता आला नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाते!

शंभर रुपयांच्या पेट्रोलचा हिशेब

समजा, तुमच्या बाबांनी गाडीत शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं. त्यातल्या किती रुपयांनी गाडी पुढे जाते? साधारण पंचवीस-तीस रुपयांनी! उरलेल्या सत्तर-पंचाहत्तर रुपयांची निव्वळ उष्णता होते. त्यातली बरीचशी सायलेन्सरच्या नळीतून धुराबरोबर निघून जाते. बाकीची इंजिनाच्या अंगात शिरते.

इंजिनाच्या आत पेट्रोल पेटतं तेव्हा क्षणभर तिथलं तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. इंजिनात ॲल्युमिनियम बरंच वापरतात आणि ते ६६० अंशांनाच वितळतं. तरीही इंजिन वितळत नाही, कारण आत आलेली उष्णता सतत बाहेर काढली जाते. ही वाट अडली की काही मिनिटांतच इंजिन 'बसतं'.

लूना आणि चहाची बशी

उष्णता बाहेर काढायची सगळ्यात सोपी युक्ती पाहायची असेल, तर एखादी जुनी लूना शोधा. १९७२ साली बाजारात आलेली ही छोटी गाडी कायनेटिक कंपनीची. या कंपनीचा कारखाना नगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) दौंड रस्त्यावर आहे. लूनाच्या इंजिनावर धातूच्या पातळ पात्या एकाखाली एक बसवलेल्या दिसतील. त्या कशासाठी?

आजोबा गरम चहा बशीत ओतून पितात ना? बशीत चहा पसरतो, त्याला जास्त हवा लागते आणि तो लवकर निवतो. या पात्यांचं कामही तेच. इंजिनाचं अंग पसरायचं, म्हणजे जास्त हवा लागेल.

पण इंजिन जास्त ताकदीचं असलं तर नुसत्या पात्या पुरत नाहीत. मग इंजिनाच्या भोवती पाणी खेळवतात. पाणी उष्णता उचलतं, रेडिएटर नावाच्या जाळीत येतं, तिथे वाऱ्यानं गार होतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. बस, ट्रक, मोटारी यांच्यात हेच चालतं.

स्वतःच्या हातची रेसगाडी

आपल्या देशात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी गाड्या बनवण्याच्या स्पर्धा होतात. 'बाहा' ही स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला सुरू झाली. तिथे दगडमातीतून गाडी पळवायची असते. 'फॉर्म्युला भारत' ही दुसरी स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. तिथे मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतल्या मुलामुलींचे संघ दरवर्षी जातात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडण्यापासून सगळं काम त्यांनीच केलेलं असतं.

यातले बरेच संघ आपल्या गाडीत केटीएम मोटरसायकलचं ३७३ सीसीचं इंजिन बसवतात. ही मोटरसायकल पुण्याजवळ चाकणला बनते. आता गंमत बघा. मोटरसायकलवर हे इंजिन उघड्यावर असतं. समोरून वारा थेट रेडिएटरवर येतो. तेच इंजिन रेसगाडीत कुठे बसतं? ड्रायव्हरच्या पाठीमागे! पुढे गाडीचं नाक, मग ड्रायव्हर, मग आगीपासून वाचवणारा पत्रा आणि त्याच्यामागे इंजिन. वाऱ्याला तिथपर्यंत जायला वाटच नाही. मोटरसायकलवर शहाण्यासारखं वागणारं इंजिन गाडीत बसवलं की तापू लागतं, ते याचमुळे.

त्यात आणखी एक अडचण. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे रेडिएटरमध्ये फक्त साधं पाणीच घालायचं. बाजारात मिळणारं रंगीत 'कूलंट' चालत नाही. ते ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्या गाड्या घसरतील ना!

पाटाला बीळ पडलं तर?

नवखे संघ काय करतात? मोठा रेडिएटर बसवतात. तरी गाडी तापते. मग त्याहून मोठा बसवतात. तरी तापते! असं का होतं?

शेतावर दारं धरायला गेलेल्या कुणालाही विचारा. पाटाचं पाणी वाफ्यात का पोचत नाही? वाटेत कुठेतरी उंदरानं बीळ केलेलं असतं. पाणी सोपी वाट धरतं आणि बिळातून निघून जातं. हवेचंही तसंच. रेडिएटरच्या दाट जाळीतून घुसणं तिला अवघड वाटतं. कडेला बोटभर फट दिसली की ती तिथूनच पळते. म्हणून जाणते संघ आधी मोठा रेडिएटर शोधत नाहीत, आधी फटी बुजवतात. हवेच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत पत्र्याचा किंवा फायबरचा बोगदा करतात आणि कडा फोमच्या पट्ट्यांनी बंद करतात. आता हवेला जाळीतूनच जावं लागतं.

एवढ्यानंही काम अर्धंच होतं. खोलीची एकच खिडकी उघडी ठेवली आणि दार लावून घेतलं, तर वारा येतो का? नाही. आत यायची वाट असली, तरी बाहेर जायचीही वाट लागते. रेडिएटरमधून गेलेली गरम हवा मागे कोंडून राहिली, तर पुढची गार हवा आत येणार कशी?

बाहेरची वाट कुठे काढायची, यालाही शास्त्र आहे. धावत्या बसमध्ये खिडकीचा पडदा कधी कधी बाहेर ओढला जातो, हे पाहिलंय? बसच्या बाजूनं जोरात जाणाऱ्या हवेचा दाब तिथे कमी असतो, म्हणून आतली हवा तिकडे खेचली जाते. गाडीच्या अंगावरची अशी कमी दाबाची जागा शोधायची आणि गरम हवेचं दार तिथेच ठेवायचं. मग वाराच आतली गरम हवा ओढून घेतो!

रणगाड्याच्या पाठीवर

ही दोन दारांची युक्ती डोळ्यांनी पाहायची असेल तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. लष्कराच्या चिलखती दलानं १९९४ साली उभारलेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे मांडलेले आहेत. आपण सगळे तोफेसमोर उभे राहून फोटो काढतो. या खेपेला मात्र मागच्या बाजूला जा.

बहुतेक रणगाड्यांचं इंजिन मागे असतं. तिथे पाठीवर तिरक्या पट्ट्यांच्या जाड जाळ्या दिसतील. रणगाड्याला पुढून भोक पाडता येत नाही, नाहीतर शत्रूचा गोळा आत येईल! मग हवा पाठीवरून आत घ्यायची, पंख्यांनी इंजिनावरून फिरवायची आणि दुसऱ्या जाळीतून बाहेर फेकायची. चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात बनलेला 'विजयंत' रणगाडा या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीवरची हवेची दारं नक्की शोधा.

शेकोटी आणि ताट

आता एक चोरवाट पाहू. थंडीत शेकोटीजवळ बसलात की तोंड भाजतं, पाठ मात्र गार राहते. चेहऱ्यासमोर स्टीलचं ताट धरा. एकदम बरं वाटतं! म्हणजे उष्णता काही नुसत्या हवेतून आली नव्हती. ती उन्हासारखी सरळ किरणांनी येत होती, आणि चकचकीत ताटानं ती परतवली.

इंजिनातून धूर नेणारी नळी शर्यतीत लालबुंद होण्याइतकी तापू शकते. तिच्याजवळ पेट्रोलची नळी असली तर काय होईल? पेट्रोल नळीतच उकळून त्याचे बुडबुडे होतील आणि इंजिन गुदमरेल. आणि इंजिनानं श्वासाला घेतलेली हवाच गरम असेल तर? गरम हवा विरळ असते. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली, तर इंजिनाला सुमारे नऊ टक्के कमी हवा मिळते आणि तेवढी ताकदही घटते.

म्हणून मुलं त्या नळीसमोर चकचकीत पत्र्याची ढाल लावतात. पत्रा आणि नळी यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवतात. काही जण नळीवर काचतंतूंची पट्टी गुंडाळतात. त्यानं आजूबाजूचं तापणं कमी होतं, पण नळी स्वतः जास्त तापते आणि पट्टीत ओल राहिली तर गंजते. कुठलाच उपाय फुकट नसतो!

खरी परीक्षा थांबल्यावर

फॉर्म्युला भारतमधली सगळ्यात अवघड फेरी सुमारे २२ किलोमीटरची. अर्ध्या वाटेत ड्रायव्हर बदलावा लागतो. त्यासाठी मिळतात फक्त तीन मिनिटं, आणि तेवढ्यात इंजिन बंद ठेवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की, इंजिनाला विसावा मिळाला. पण होतं उलटंच! गॅस बंद केल्यावरही तव्यावर राहिलेली पोळी करपते ना? तसंच इथे. वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण धातूत साठलेली उष्णता तशीच असते. ती आता पेट्रोलच्या नळ्यांत, तारांत शिरते. थांबल्यावर काही वेळ इंजिनाच्या आसपासची जागा आणखीच तापते.

तीन मिनिटांनी नवा ड्रायव्हर बटण दाबतो. इंजिन नुसतं कुंथतं, सुरू होत नाही. बाहेरून कुणी मदत करायची नाही, असा नियम. गाडी पुन्हा सुरू झाली नाही, तर त्या संघाची ही फेरी तिथेच संपते. वर्षभर रात्री जागून बनवलेली गाडी एका बटणावर येऊन थांबते.

मग शहाणा संघ काय करतो? स्पर्धेला जायच्या आधी घरीच ही तीन मिनिटं पुन्हा पुन्हा खेळून पाहतो. दहा किलोमीटर पळवा, बंद करा, घड्याळ लावा, सुरू करा. इंजिनाला, नळ्यांना, हवेच्या तोंडाला तापमान मोजणाऱ्या तारा चिकटवून प्रत्येक वेळी आकडे वहीत लिहितो. मोठे इंजिनिअरही अंदाजावर न जाता मोजूनच ठरवतात. नगरच्या वाहननगरमध्ये संरक्षण खात्याची 'व्हीआरडीई' ही संस्था आहे. गाड्यांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. तिथे काय आणि कॉलेजच्या शेडमध्ये काय, "मला वाटतं" याला किंमत नाही. "मी मोजलं" याला आहे.

करून पाहा

चपलांचे दोन सारखे खोके घ्या. एकाला फक्त पुढून चौकोनी खिडकी कापा. दुसऱ्याला पुढून तशीच खिडकी कापा आणि मागच्या बाजूला वर आणखी एक. दोन्हींत सारख्याच स्टीलच्या पेल्यांत गरम पाणी ठेवा. (पाणी आईबाबांनाच ओतू द्या.) खोक्यांची झाकणं लावा आणि दोन्हींच्या पुढच्या खिडक्यांसमोर टेबलफॅन सारख्याच अंतरावर ठेवा. पंधरा मिनिटांनी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तापमापकानं दोन्ही पेले मोजा. घरातला तापाचा थर्मामीटर मात्र वापरू नका, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो! कुठलं पाणी जास्त निवलं? का?

आणि त्या ड्रायव्हरकाकांचं काय?

रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरचं झाकणच. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. शिवाय तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं, तर इंजिनाला तडाही जाऊ शकतो. म्हणून काका म्हणाले, थांब!

आता गाडी कधी वाटेत तापली आणि घाईघाईत कुणी झाकणाकडे हात नेला, तर त्यांना अडवायचं काम तुमचं. मग गाडी गार होईपर्यंत झाडाखाली बसा आणि हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर पडते, ते शोधून ठेवा.