दीर्घ रेणूंचे भंजन

खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनात पेट्रोल, रॉकेल इत्यादी हलके अंश निघून गेल्यावर जे जड तेल मागे राहते, त्यातील हायड्रोकार्बनांच्या लांब साखळ्या मोटारीच्या इंजिनास निरुपयोगी असल्या, तरी त्या तोडल्या असता त्यांतूनही पेट्रोल निपजते. आणि विल्यम बर्टन याने १९१३ साली अमेरिकेतील व्हायटिंग येथे हे कार्य कारखान्याच्या प्रमाणावर केवळ उष्णता व दाब यांच्या बळावर सिद्धीस नेले. सोळा कार्बनांचा रेणू मधोमध तुटला, तर दोन्ही अर्धांची भूक भागेल इतका हायड्रोजन मुळातच नसल्यामुळे एक ऑक्टेन होतो व दुसऱ्यात द्विबंध उरतो. अशाच द्विबंधी लहान रेणूंपासून पुढे प्लॅस्टिके घडतात.

या विद्येस खरे तेज चढवले ते यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने. आम्लसंस्कारित मातीचा उत्प्रेरक त्याने योजिला. परंतु भंजनात सुटणारा कार्बन तिच्यावर काजळीसारखा साचून ती काही मिनिटांतच निकामी होई. तेव्हा तेलाचा प्रवाह थांबवून, हवा सोडून, तो कार्बन जाळण्याची व त्या उष्णतेचाही विनियोग करण्याची तजवीज त्याने केली, हे मला त्याच्या प्रतिभेचे मर्म वाटते. १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. पुढे १९४२ साली बॅटन रूज येथे उत्प्रेरकाचे बारीक चूर्णच खेळते ठेवण्यात आले: कार्बन जाळून तप्त झालेले चूर्ण अखंड परत येते आणि नव्या तेलास भिडते.