शॉवरची धार का मरते?

आमच्या अम्मीचे वय झाले. बादलीतून तांब्याने पाणी घेताना तिचा खांदा दुखतो, म्हणून न्हाणीघरात शॉवर बसवला. चार महिन्यांत त्याची धार मरून गेली. दुकानदार म्हणाला, ‘‘प्रेशर पंप लावून टाका.’’ मी म्हटले, आधी दुखणे ओळखू, मग औषध घेऊ.

श्रोतेहो, जळगावला पाणी वाघूर धरणाचे येवो, की धुळ्याला तापीचे अन् नकाणे तलावाचे. ते आपण आधी धाब्यावरच्या टाकीत साठवतो. म्हणून शॉवरचा जोर ती टाकीच ठरवते. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. टाकीतले पाणी शॉवरच्या दोनच मीटर वर असेल, तर त्याचा पाचवा हिस्सा. टाकी पाचशे लिटरची असो वा दोन हजारांची. पाण्याची पातळी तीच, तर दाबही तोच. पांझरेकाठच्या फड पद्धतीत मोटरीशिवाय शेते भिजली, ती पाण्याचा उतार ओळखूनच.

आता तपासणी. शॉवरचे तोंड फिरवून काढा आणि पाणी सोडा. नळीतून धार जोरात आली, तर दोष जाळीत. बोअरच्या जड पाण्याचा क्षार छिद्रांत बसतो. जाळी दोन-तीन तास व्हिनेगरमध्ये बुडवा, मग जुन्या ब्रशने घासा. धार मंदच असेल, तर स्वयंपाकघरातला नळ पाहा. तोही मंद असेल, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल किंवा तळाच्या गाळाने वाट धरली असेल. फक्त न्हाणीघरातच मंद, तर जुन्या लोखंडी नळीत गंज साचला असेल किंवा उंच वळणावर हवा अडकली असेल.

सगळे ठीक असूनही जोर नसेल, तर टाकी उंच करा. दोन मीटरचे चार मीटर झाले, की दाब दुप्पट. मात्र हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. मिस्त्रीला विचारूनच चबुतरा बांधा. ते जमत नसेल, तर टाकीच्या पुढे लहान पंप चालेल. पण नळाच्या लाइनीला थेट मोटर कधीच लावू नका. ती गल्लीच्या टोकाच्या घराचा हंडा रिकामा ठेवते. आणि लाइन कुठे फुटलेली असेल, तर गटाराचे पाणीही ओढून आणते.

आमचा दोष जाळीतच निघाला. खर्च, व्हिनेगरची एक बाटली. अम्मी आता स्टुलावर बसून निवांत अंघोळ करते.