मायक्रोडॉट : टिंबाएवढ्या फोटोत मावलेले पान

हेरकथा वाचणाऱ्यांना आणि जुने इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांना ‘मायक्रोडॉट’ हा शब्द नवा नाही. पण त्याचा नेमका अर्थ विचारला, तर बहुतेक जण ‘छोटी फिल्म’ असे सांगून मोकळे होतात. ते अर्धेच खरे आहे.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म, ‘डॉट’ म्हणजे टिंब किंवा ठिपका. आपल्या दुभाषी घरांत तर हा शब्द दोन्हीकडून कळतो. आजी ठिपक्यांची रांगोळी म्हणते, शेजारच्या अक्का चुक्की रंगोली म्हणतात. गंमत म्हणजे कन्नडमध्ये चुक्की म्हणजे ठिपकाही आणि आकाशातली चांदणीही. सूक्ष्मदर्शक आणि पूर्णविराम हे शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच, आणि मायक्रोडॉटची सगळी कथा या दोन शब्दांत आहे. पूर्णविरामाएवढा, म्हणजे साधारण एक मिलिमीटर व्यासाचा फोटो, जो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की टंकलिखित पानच्या पान वाचता येते, तो मायक्रोडॉट.

म्हणूनच मायक्रोफिल्म वेगळी आणि मायक्रोडॉट वेगळा. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे ज्या रिळांवर जपतात ती मायक्रोफिल्म. तिच्यावरचे चित्र लहान असले तरी डोळ्यांना दिसते. हेरांच्या आवडत्या मिनॉक्स कॅमेऱ्याची निगेटिव्हसुद्धा ८ बाय ११ मिलिमीटरची असे. मायक्रोडॉट त्याहून कितीतरी लहान.

तो बनवत कसा?

काम दोन टप्प्यांत चाले. आधी कागदाचा फोटो काढून तो टपाल तिकिटाएवढा करायचा. मग सूक्ष्मदर्शकाची भिंगे उलट्या कामाला लावून, म्हणजे मोठे दाखवण्याऐवजी लहान करण्यासाठी वापरून, त्याचे टिंब करायचे. साध्या फिल्मवर हे जमत नाही. तिच्यातले चांदीचे कण जाड असतात, अक्षरे फुटतात. त्यासाठी अतिशय बारीक कणांचा लेप लागतो. तयार झालेले टिंब इंजेक्शनच्या सुईच्या तोंडाने कापून साध्या पत्रातल्या एखाद्या पूर्णविरामावर चिकटवायचे, तिकिटाखाली दडवायचे किंवा पोस्टकार्डाची कड चिरून आत सरकवायचे. वरून मजकूर अगदी नेहमीचा, ‘आम्ही खुशाल आहोत’ असा.

ते पकडायची युक्तीही साधी होती. कागद तिरका करून प्रकाशात धरायचा. शाईचे टिंब कागदात मुरते, फिल्मचे टिंब मात्र चमकते.

श्रेय कुणाचे?

सूक्ष्म फोटोची सुरुवात मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८३९ मध्ये केली. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा रने दाग्रों यांनी हजारो निरोप इवल्या फिल्मवर उतरवून कबुतरांकरवी शहरात पोचवले. पण पानभर मजकूर टिंबात बसवण्याची पद्धत जगापुढे मांडली ती ड्रेस्डेनच्या इमानुएल गोल्डबर्ग यांनी, १९२५ च्या पॅरिस येथील छायाचित्रण परिषदेत.

गोल्डबर्ग मॉस्कोत जन्मलेले ज्यू. पुढे ते झाइस इकॉन या नामवंत कॅमेरा कंपनीचे प्रमुख झाले. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पळवून नेले आणि त्यांना पद सोडावे लागले. जर्मनी सोडून ते आधी पॅरिसला आणि १९३७ मध्ये पॅलेस्टाईनला गेले. १९७० मध्ये तेल अवीव येथे त्यांचे निधन झाले.

ज्यांनी त्यांना हाकलले त्यांच्याच हेरखात्याने महायुद्धात हे तंत्र वापरले. ऑगस्ट १९४१ मध्ये दुश्को पोपोव्ह अमेरिकेत पोचला. जर्मन त्याला आपला हेर समजत होते; प्रत्यक्षात तो ब्रिटिशांसाठी काम करत होता. त्याच्याजवळच्या मायक्रोडॉटमध्ये जर्मनांना हव्या असलेल्या माहितीची प्रश्नावली होती आणि तिच्यात पर्ल हार्बरविषयी बरेच प्रश्न होते. ७ डिसेंबरला तिथे जपानी हल्ला झाला. त्या टिंबातला इशारा अमेरिकेने ओळखायला हवा होता का, यावर इतिहासकार आजही भांडतात.

१९४६ मध्ये एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये मायक्रोडॉटवर लेख लिहिला, पण त्यात शोधाचे श्रेय ड्रेस्डेनच्या कुणा ‘प्रोफेसर झाप’ना दिले. पुढे अनेकांनी हे झाप म्हणजे मिनॉक्सचे जनक वॉल्टर झाप असे धरले, आणि चूक पुस्तकांतून फिरत राहिली. मायकेल बकलंड यांच्या २००६ च्या चरित्रग्रंथाने गोल्डबर्ग यांचे श्रेय पुन्हा ठळकपणे मांडले.

टिंबातली घरची पत्रे

जानेवारी १९६१. लंडनजवळच्या राइस्लिपमध्ये जुनी पुस्तके विकणाऱ्या पीटर आणि हेलन क्रोगर या जोडप्याला अटक झाली. ते सोव्हिएत हेर होते. निघण्यापूर्वी हेलनबाईंनी बॉयलरमध्ये कोळसा घालून येण्याची परवानगी मागितली. अधिकाऱ्यांना शंका आली आणि त्यांनी बाईंची पर्स तपासली. आत काचपट्टीवर मायक्रोडॉट होते. ते वाचले तेव्हा निघाली घरगुती पत्रे. गॉर्डन लोन्सडेल या नावाने वावरणाऱ्या त्यांच्या साथीदाराला रशियातून त्याच्या बायकोने लिहिलेली! ज्या माणसाला स्वतःचे नावही सांगता येत नव्हते, त्याच्यापर्यंत घरची खुशाली पोचायची तर तीही टिंब होऊनच.

आज हा शब्द कुठे भेटतो?

आज संदेश लपवायला संगणक आहेत. पण शब्द टिकून आहे, तो वाहनांच्या बाबतीत. गाडीच्या भागांवर सांकेतिक क्रमांक कोरलेले हजारो सूक्ष्म ठिपके फवारतात. चोराने गाडी सुटी करून विकली तरी भाग ओळखता येतात. दक्षिण आफ्रिकेत नव्या गाड्यांना ते २०१२ पासून सक्तीचे झाले. आपल्याकडेही २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या नियमांचा मसुदा काढला होता. या ठिपक्यांत फोटो नसतो, नाव मात्र तेच.

पूर्वी मायक्रोडॉट ओळख लपवायचा, आता तो ओळख पटवतो. मुलांनी विचारले, तर अर्थाबरोबर गोल्डबर्ग यांचे नावही जरूर सांगा.