जुन्या संगणकावर लिनक्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. असं यंत्र भंगारात देण्याआधी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी आवृत्ती चालवून पाहावी, असा माझा आग्रह आहे. मात्र नवखी माणसं काही गैरसमजांमुळे मागे फिरतात आणि काहींमुळे नको इतकी आशा लावून बसतात. दोन्ही दूर व्हायला हवेत.

गैरसमज : लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं.
वस्तुस्थिती : लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू सुरू केल्यावर खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, फोल्डर, असं ओळखीचंच चित्र दिसतं. मिंटमध्ये फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीपासून असतात. बाकीचे प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून क्लिक करून घेता येतात. रोजच्या वापरात टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी, उघडण्याची वेळ क्वचितच येते.

गैरसमज : इन्स्टॉल करायला घेतलं की जुना डेटा गेलाच.
वस्तुस्थिती : डिस्कला हात न लावताही लिनक्स चालवून बघता येतं. लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून ती रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवायची; पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा घ्यावा. संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. ही कळ कंपनीनुसार एफ12, एफ9 किंवा एस्केप असते. आता जे दिसतं ते ‘लाइव्ह’ लिनक्स. यातच वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासून घ्यावेत. पेनड्राइव्हवरून ते संथ वाटतं, त्यावरून खऱ्या वेगाचा अंदाज बांधू नये.

खरा धोका एकाच पायरीवर असतो. इन्स्टॉलर विचारतो, विंडोजशेजारी जागा करू की सगळी डिस्क पुसू? ‘इरेज डिस्क’ निवडलं तर फोटो, कागदपत्रं, विंडोज सगळं जातं. शेजारी बसवतानाही डिस्कचे भाग पाडावे लागतात आणि मध्येच वीज गेली तर घोळ होऊ शकतो. म्हणून बाहेरच्या डिस्कवर बॅकअप आधी घ्यायचाच. विंडोज ठेवायचं असेल तर त्यातलं बिटलॉकर आणि फास्ट स्टार्टअप बंद करून मगच पुढे जावं.

गैरसमज : हलकं लिनक्स टाकलं की कुठलंही यंत्र नव्यासारखं पळतं.
वस्तुस्थिती : लिनक्स हलकं असलं तरी वेबसाइट तेवढ्याच जड राहतात. मिंटला किमान 2 जीबी रॅम लागते आणि 4 जीबी असावी अशी शिफारस आहे. 2 जीबीत ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की यंत्र अडखळतं. फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो नुसती सिस्टिम बदलून पडत नाही. शक्य असेल तर थोडा खर्च आधी इथे करावा.

गैरसमज : कुठलंही लिनक्स कुठल्याही जुन्या यंत्रावर चालतं.
वस्तुस्थिती : आधी प्रोसेसर 64-बिटचा आहे का ते पाहावं. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे बहुतेक 64-बिटचे आहेत. ॲटम एन270 असलेले छोटे नेटबुक 32-बिटचेच. आजच्या मिंट आणि उबुंटूला 64-बिट लागतं. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्येही 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही. अशा यंत्रासाठी अँटीएक्स 23 ची 32-बिट आवृत्ती पाहावी.

गैरसमज : लिनक्सवर मराठी नीट लिहिता येत नाही.
वस्तुस्थिती : सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार टाइप करता येतं. अडचण येते ती श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइलींची. त्या युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे अक्षरं विचित्र दिसतात. त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून ठेवाव्यात.

गैरसमज : विंडोजवरची सगळी कामं इथे होतील.
वस्तुस्थिती : टॅलीप्राइम आणि फोटोशॉप यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोज ठेवणंच शहाणपणाचं. बँकेचं काम, अर्ज भरणं, ऑनलाइन तास, पत्रलेखन हे मात्र ब्राउझर आणि लिबरऑफिसवर होतं.

गैरसमज : लिनक्सवर काळजी घ्यावीच लागत नाही.
वस्तुस्थिती : विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस सहसा इथे चालत नाहीत, पण खोट्या लिंकवर दिलेला ओटीपी कुठल्याही सिस्टिमवर चोरीला जातो. अपडेट मॅनेजरची सूचना आली की अपडेट करावं. मिंट 22 ला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे आज बसवलेली सिस्टिम पुढेही सुरक्षित ठेवता येते.

तेव्हा आधी या संगणकावर कोण काय करणार याची यादी करा. ती कामं लाइव्ह लिनक्सवर करून पाहा आणि जमली तरच इन्स्टॉल करा. जमली, तर घरातल्या शाळकरी मुलाला अभ्यासासाठी चालतं यंत्र मिळेल आणि तेवढा ई-कचराही वाचेल.